मदत हवी आहे : टाइप केलेल्या जुन्या अल्गोल ६० प्रोग्रॅममधल्या अधोरेखा ओळखायच्या आहेत

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. रामबागेतल्या घराच्या माळ्यावर काकांची टाइपरायटरवरची ३८ पानं सापडली, सगळे अल्गोल ६० या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतले प्रोग्रॅम. पास्कल या नंतरच्या भाषेतलं बिगिन-एन्ड जिथून आलं ती भाषा मुलांना चालवून दाखवायची आहे. पायथनमध्ये पुन्हा लिहा असं कृपया सुचवू नका, मग मजाच गेली.

लिनक्सवर मार्स्ट टाकलंय. ते अल्गोल ६० चा प्रोग्रॅम सी भाषेत करून देतं आणि हाताने टाइप केलेली दोन पानं व्यवस्थित चालली. अल्गोल ६८ चालवणारं 'अल्गोल ६८ जिनी' इथे उपयोगाचं नाही, ती भाषाच वेगळी.

अडचण अधोरेखांची आहे. पानांवर कीवर्डखाली (बिगिन, एन्डसारख्या भाषेच्या ठरलेल्या शब्दांखाली) रेघ आहे, मार्स्टला त्याऐवजी कीवर्डभोवती अपॉस्ट्रॉफी लागतात. स्कॅन करून टेसरॅक्टमधून (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) काढलं तर अक्षरं बरी येतात, पण रेघ गायब. नुसती कीवर्डची यादी लावून बदलता येत नाही, कारण अल्गोल ६० मध्ये नावात मोकळी जागा चालते आणि काकांनी एका चलाचं नावच 'एन्ड व्हॅल्यू' ठेवलंय! त्यातल्या 'एन्ड'खाली रेघ नाही, एवढाच काय तो फरक.

टेसरॅक्टकडून शब्दांच्या चौकटी घेऊन ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या लायब्ररीने खालची आडवी रेघ शोधून पाहिली. पण रिबन फिकी, रेघ तुटक, आणि 'बिगिन'मधल्या जी अक्षराची शेपटी रेघेत मिसळते. स्कॅन ३०० डीपीआय, करडे. पानं जीर्ण आहेत, पुन्हा स्कॅन शक्यतो नको.

तुटक रेघ जोडायची, पण अक्षरांच्या शेपट्या वगळायच्या, हे ओपनसीव्हीमध्ये कोणी केलंय का? कसं?