मुलीच्या वर्गशिक्षिकांचे आभार कमी खर्चात कसे मानावेत?

प्रश्न : तिसरीतल्या मुलीची आई

नमस्कार. माझी मुलगी तिसरीत आहे. वर्षाच्या सुरुवातीला ती वर्गात तोंडही उघडत नसे. आता मात्र फळ्यासमोर उभी राहून गणित सोडवून दाखवते आणि या बदलाचे बरेचसे श्रेय तिच्या वर्गशिक्षिकांचे आहे, याबद्दल आमच्या घरात कोणालाही शंका नाही. वर्ष संपत आले आहे आणि बाईंचे मनापासून आभार मानायची इच्छा आहे. सध्या घरखर्चाची ओढाताण असल्यामुळे महागडी वस्तू घेणे शक्य नाही. काही पालक मोठ्या भेटी देणार असल्याचे कानावर आले आहे, तर काहींनी वर्गणी काढण्याचे सुचवले आहे. आमची लहानशी भेट उणी दिसेल का आणि त्यामुळे मुलीला अवघडल्यासारखे होईल का, ही काळजी वाटते. पालकांनी आणि विशेषतः शिक्षकांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद : प्राथमिक शिक्षिका

ताई, उणेपणाची भावना आधी मनातून काढून टाका. कोणत्या पालकाने काय दिले याचा हिशेब आम्ही ठेवत नाही आणि तो ठेवणे योग्यही नाही. कप, फुलदाण्या आणि पेनांचे संच वर्षानुवर्षे साठत जातात व पुढे ते कोणी दिले हेही आठवत नाही. पालकांची पत्रे मात्र मी जपून ठेवते.

पत्र लिहिताना एकच पथ्य पाळा. ‘तुम्ही फार छान शिकवता’ एवढ्यावर थांबू नका. मुलीत नेमके काय बदलले आणि ते तुम्हाला कुठे दिसले, हे लिहा. एका आईने मला लिहिले होते की, हातच्याच्या वजाबाकीला घाबरणारा तिचा मुलगा आता धाकट्या बहिणीसमोर काड्यांचे गठ्ठे मांडून बसतो आणि ‘बावन्नातून सतरा काढायचे ना, मग दोनातून सात जात नाहीत, आधी एक गठ्ठा सोड’ असे थेट माझ्याच स्वरात समजावतो. मुलाला रीत पाठ झाली आहे की मुळातून उमगली आहे, हे उत्तरपत्रिकेवरून नेहमीच कळत नाही. त्या चार ओळींवरून ते मला कळले. आपण शिकवलेले मुलाबरोबर घरी जाऊन काय रूप घेते, हे पालकांनी सांगितल्याशिवाय शिक्षकाला समजणार तरी कसे?

शक्य असल्यास पत्राची एक प्रत मुख्याध्यापकांना द्या. तक्रार बहुधा लेखी येते आणि कौतुक फाटकापाशी तोंडी होते, त्यामुळे नोंद राहते ती तक्रारीचीच.

प्रतिसाद : एक पालक

बाईंच्या म्हणण्याला संशोधनातूनही आधार मिळतो. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साखरपुड्याच्या अंगठ्या, वाढदिवसाच्या भेटी अशी उदाहरणे तपासली होती. भेट जितकी महाग तितकी ती अधिक आवडेल, असे देणाऱ्यांना वाटत होते; घेणाऱ्यांच्या मनातील कृतज्ञतेचा मात्र किमतीशी तसा संबंध आढळला नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली आभाराच्या पत्रांविषयी असेच काही दाखवून दिले. आपले पत्र वाचून समोरच्याला किती आनंद होईल, याचा अंदाज लिहिणारे कमी बांधतात आणि त्याला किती संकोच वाटेल, याचा मात्र वाजवीपेक्षा जास्त. हे अभ्यास खास शिक्षकांवर केलेले नसले, तरी ‘मला नीट लिहिता येत नाही’ म्हणून हात आखडता घेणाऱ्या प्रत्येक पालकाने ते लक्षात घ्यावेत असे मला वाटते.

प्रतिसाद : वर्गाची पालक प्रतिनिधी

भेटवस्तूंबाबत शाळेचा काही नियम आहे का, हे आधी विचारून घ्या. काही ठिकाणी वैयक्तिक भेटी स्वीकारण्यास मनाई असते किंवा मर्यादा असते, आणि नियमामुळे भेट परत करावी लागणे शिक्षकांनाच सर्वांत जड जाते.

वर्गणी काढायचीच असेल, तर ती ऐच्छिक असावी, रक्कम ठरवलेली नसावी आणि शुभेच्छापत्रावर सर्व मुलांची नावे असावीत, मग कोणाच्या पालकांनी काही दिलेले असो वा नसो. कोणी किती दिले, याची यादी पालकांच्या गटात फिरवणे मला अत्यंत गैर वाटते.

वस्तूच द्यायची असल्यास वर्गात काय संपत आले आहे, असे बाईंना सरळ विचारावे. खडू, मार्कर, पेन्सिली, खोडरबर या गोष्टी अनेक शिक्षक स्वतःच्या पैशाने आणतात. घरी वाचून झालेले, चांगल्या स्थितीतले गोष्टीचे पुस्तक वर्गाच्या वाचनपेटीला देता येते. पैसे अजिबात खर्च करायचे नसतील, तर वेळ द्यावा : फाटलेली पुस्तके चिकटवणे, तक्त्यांसाठी चित्रे कापणे, शब्दपट्ट्या तयार करणे ही कामे घरी आणून करता येतात. फक्त मदत देऊ करताना कोणते काम आणि कोणत्या दिवशी, हे स्पष्ट सांगावे; ‘काही लागले तर कळवा’ असे म्हटले की सहसा कोणी कळवत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पत्र लिहिण्याचे आम्ही नक्की केले आहे. मुलीनेही काही लिहावे का? तिच्या लेखनात अजून ऱ्हस्व-दीर्घाच्या पुष्कळ चुका होतात.

प्रतिसाद : प्राथमिक शिक्षिका

अवश्य लिहू द्या आणि त्या चुका तशाच राहू द्या. तिला मजकूर सांगू नका; ‘बाईंची कोणती गोष्ट तुला आठवते?’ एवढेच विचारा आणि ती म्हणेल ते तिला लिहू द्या. मुले अनेकदा आमच्या ध्यानीमनीही नसलेले काहीतरी सांगतात. चित्र काढायचे असेल, तर मागे नाव आणि तारीख घालायला सांगा.

पत्र वर्गात सर्वांसमोर न देता शाळा सुटल्यावर द्या, म्हणजे काहीच न आणलेल्या मुलांना वाईट वाटणार नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्याचेही कारण नाही, कारण तेव्हा निकालपत्रांच्या घाईत निवांत वाचायला सवड मिळत नाही. आणखी एक आग्रहाची विनंती : वर्गात मदतनीस शिक्षिका असतील, चित्रकला किंवा खेळ शिकवणारे शिक्षक असतील, तर त्यांनाही दोन ओळी लिहा. बोलायला बुजणारी मुले पुष्कळदा आधी मैदानावर किंवा चित्रकलेच्या तासाला मोकळी होतात आणि तिथल्या शिक्षकांना असे पत्र क्वचितच कोणी लिहिते.