नर्सिंग सोडून पब्लिक हेल्थ रिसर्च? गोव्यात राहून जमेल का?

डिचोलीकारीण:
नमस्कार मंडळी, मी बीएस्सी नर्सिंग, दोन वर्षं वॉर्ड ड्युटी झाली. तेच शुगरवाले पेशंट फिरून फिरून येतात, मग गावात एवढे कॅम्प होतात त्याचा नेमका कोणाला फरक पडतो हे कोण बघतं, हा किडा डोक्यात शिरलाय. याला प्रोग्राम इव्हॅल्युएशन म्हणतात आणि एमपीएच (पब्लिक हेल्थमधली मास्टर्स डिग्री) लागतं असं कळलं. घरी म्हणतात सरकारी जाहिरात येईल तेव्हा फॉर्म भर, हे कसलं सर्व्हेचं काम. गणित बारावीलाच सुटलं. खरं खरं सांगा, पगाराचंही.

सांजवात:
तुझा किडा बरोबर जागी शिरलाय. कॅम्पात ज्यांची शुगर जास्त आली त्यांनाच तीन महिन्यांनी परत तपासलं तर काहीही न करता बऱ्याच जणांची थोडी उतरलेली दिसते, कारण त्या दिवशी ती नेहमीपेक्षा चढलेली होती म्हणूनच ते यादीत आले. म्हणून शेजारचा, कॅम्प न झालेला गाव पण मोजावा लागतो. यात गणित कमी, संशय जास्त. आणि लांब कशाला, पर्वरीची संगत ही संस्था १९९६ पासून हेच करते. त्यांची मानस ट्रायल वाच, २०१० ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आली, डॉक्टर नसलेल्या ट्रेनिंग दिलेल्या समुपदेशकांकडून डिप्रेशन, एन्झायटीवर मदत. सरकारी आरोग्य केंद्रांत फायदा दिसला, खाजगी डॉक्टरांकडे तसा फरक दिसला नाही. प्रोग्राम एकच, राज्यही एकच 🙂

पेजपाणी:
एमपीएचच्या आधी एक वर्ष घरोघरी फॉर्म भर, माझं ऐक. आमच्या एका सर्व्हेत प्रश्न होता, काल बाळाला घट्ट किंवा अर्धघट्ट काही दिलं का. आई म्हणाली, पेज दिली. फॉर्म भरणाऱ्या मुलीने टॅबवर 'हो' दाबलं. मी सहज विचारलं, शितं घातली का गो? तर म्हणे ना, वयली निवळच. म्हणजे पाणीच की! तोवर शेकडो फॉर्म भरून झालेले आणि ऑफिसात बसलेल्या माणसाला पेज आणि निवळ यातला फरकच माहीत नव्हता, सगळा आकडा परत तपासला. दुसरं, बीपीच्या रकान्यात सगळे आकडे शून्यावर संपले की समजायचं कोणीतरी अंदाजे लिहिलंय. आणि चवथीच्या आठवड्यात शुगरचा सर्व्हे ठेवणाऱ्याला तर साष्टांग दंडवत, नेवऱ्या (करंज्या) खाल्लेल्या गावाची शुगर मोजून काय करणार?

डिचोलीकारीण:
निवळ 😂 आमच्या वॉर्डात पण डाएट चार्टवर नुसतं 'पेज' लिहितात. पण पगार कोणी बोललंच नाही.

फिरता_भोपळा:
मी बोलतो. सुरुवातीला वॉर्डपेक्षा कमी मिळू शकतो आणि काम प्रोजेक्टवर, फंडिंग संपलं की कॉन्ट्रॅक्ट संपलं. मी एकदा चार महिने घरी बसलो, आईने शेजाऱ्यांना सांगितलं रजेवर आहे. एमपीएच नंतर करच, त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन सेंटर, चेन्नईची एनआयई (साथरोगशास्त्राची राष्ट्रीय संस्था), मुंबईची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), फी आणि अटी त्यांच्या साइटवर बघ. आकडेवारी तपासायचं आर सॉफ्टवेअर फुकट आहे, टक्केवारी आणि सरासरी पक्की असली की आजपासून सुरू. सरकारी जाहिरातीचा फॉर्म मात्र भरून ठेव गो, तो काय चावत नाही.