मदत हवी आहे: विचेंझात पलाडियो बघायचाय, वेळापत्रक काही केल्या बसत नाही

वास्तुवेडी
नमस्कार मंडळी. विचेंझाला चाललोय, मुख्य उद्देश सोळाव्या शतकातला वास्तुकार पलाडियो याची कामं. मी आणि मैत्रीण दोघी आर्किटेक्ट. कॉलेजात त्याचे प्लॅन ट्रेसिंगवर गिरवलेत, आता प्रत्यक्ष बघायचेत. शुक्रवार ते सोमवार हाताशी आहेत. यादी: तेआत्रो ओलिंपिको, बासिलिका, पलाझ्झो किएरिकाती, रोटोंडा, विला वाल्मराना, मासेरची विला बार्बारो, विला एमो, मालकोंतेंता, विसाव्या शतकातला वास्तुकार स्कार्पा याची ब्रिओन दफनभूमी, वेरोनाचं कास्तेलवेक्किओ (किल्ल्यातलं संग्रहालय), आणि व्हेनिसची सान जॉर्जो माज्जोरे आणि रेदेन्तोरे ही चर्च.
एक्सेलमध्ये प्रत्येक ठिकाणाला दीड तास धरून बघितलं, तरी बसत नाही. कोणी दिवसवार वेळापत्रक सांगेल का? तिकिटं काढायची आहेत, लवकर हवंय. इटलीत काय बघावं असे सर्वसाधारण सल्ले नकोत, प्लीज.

फिरस्ते काका
अभिनंदन! इटलीला जाताय तर रोम आणि फ्लॉरेन्स सोडू नका. विचेंझाला सहसा कोणी मुक्काम करत नाही, व्हेनिसहून मिलानला जाताना उतरून बघतात. आमच्या ग्रुप टूरमध्ये तासभर थांबा होता, पुरला.

पाडोवाचा पाहुणा
मी शेजारच्या पाडोवात राहतो, विचेंझाला जाणं-येणं असतं. आधी एवढं सांगा: महिना कुठला? मुक्काम कुठे? गाडी चालवणार का? आणि दोघीच आहात की आणखी कोणी? याशिवाय वेळापत्रक देणं म्हणजे अंदाजपंचे होईल.

वास्तुवेडी
काका, तासाभरात ओलिंपिकोसुद्धा होणार नाही. रोम-फ्लॉरेन्स आधी झालंय.
@पाडोवाचा पाहुणा, सप्टेंबर. मुक्काम मेस्त्रेला, व्हेनिसच्या जमिनीवरच्या भागात.

पाडोवाचा पाहुणा
विचेंझा बघायचं आणि मेस्त्रेला राहायचं? बुकिंग बदलता येईल का? रोजचा जाण्यायेण्याचा वेळ आणि सकाळ-संध्याकाळचा उजेड दोन्ही हातचे जातात.

वास्तुवेडी
नाही बदलता येणार. विचेंझात परवडेल अशी खोलीच मिळाली नाही. यजमानांचं सोन्याच्या प्रदर्शनात काम आहे, ते दिवसभर तिकडेच. आम्ही त्यांच्याबरोबर जातोय म्हणून याच तारखा.

सराफकट्टा
मग बरोबर आहे. ते प्रदर्शन, विचेंझाओरो, जानेवारीत आणि सप्टेंबरमध्ये भरतं, तेव्हा हॉटेलचे भाव आकाशाला भिडतात. झवेरी बाजारातली बरीच मंडळी पाडोवात किंवा मेस्त्रेत राहतात. प्रदर्शनाची जागा शहराच्या पश्चिमेला आहे, जुन्या गावापासून लांब. यजमानांना दुपारी जेवायला गाठू असं ठरवू नका. तुमचा अर्धा दिवस त्यात जाईल.

कोरीवकाम
यादी वाचून राहवलं नाही. दोघी आर्किटेक्ट आहात ना? मग प्रत्येकी दीड तास हा हिशोब सोडा. पलाडियोची बरीचशी कामं विचेंझात रस्त्यावरून, बाहेरूनच बघायची असतात. तिथे तिकीट लागत नाही, पण थांबावं लागतं.
एकट्या बासिलिकेचं उदाहरण घ्या. आतलं जुनं गॉथिक सभागृह आधीपासून उभं होतं, त्याचे खण असमान. पलाडियोला १५४९ मध्ये काम मिळालं ते त्याला बाहेरून दगडी सज्जे गुंडाळायचं. प्रत्येक खणात त्याने मधली कमान एकाच मापाची ठेवली आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या चौकोनी फटी गरजेप्रमाणे कमीजास्त केल्या. चौकात उभं राहून कोपऱ्याचा खण आणि मधला खण आळीपाळीने बघा. कोपऱ्यातल्या फटी इतक्या अरुंद आहेत की खांब एकमेकांना जवळजवळ टेकतात, आणि तरीही पूर्ण दर्शनी भाग एकसंध वाटतो. हे कळायला पुस्तकातला फोटो पुरत नाही. वही-पेन्सिल घेऊन खणांची मापं पावलांनी मोजा. काम पूर्ण झालं १६१४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनी. ही एक इमारत नीट बघितली तरी जाणं सार्थकी लागेल.

फिरस्ते काका
एवढ्या लांब जाऊन एकाच चौकात बसून राहायचं? तिकिटाचे पैसे मोजलेत, यादी पूर्ण करायला हवी. गाडी करा, पहाटे निघा, सगळं होतं. आम्ही केलंय.

कोरीवकाम
काका, विला काही देवळासारख्या पहाटे उघडत नाहीत. बऱ्याच खासगी मालकीच्या आहेत, ठरावीक वारी ठरावीक तास उघडतात. पहाटे निघून बंद फाटकाबाहेर थांबायचं का?

मुक्ता म्युनिक
कोरीवकाम +१. रोटोंडा तर अजून वाल्मराना कुटुंबाकडे आहे. मी गेले तेव्हा बाग उघडी होती, आत जायचा वार वेगळा होता. फाटकातून दोन भिंतींच्या मधली चढण चढून वर गेले, चारही बाजूंच्या सहा-सहा खांबांच्या ओसऱ्यांवर बसले, पण मधल्या गोल दालनात जाता आलं नाही. अजून हळहळ वाटते. म्हणून सगळ्यात आधी रोटोंडाच्या संकेतस्थळावर आत जायचा वार बघा, आणि बाकीचं वेळापत्रक त्याभोवती बसवा.

दगडफूल
अवांतर: पलाडियो बघायला इटलीच कशाला? मुंबईचा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिकची इमारत, १८३३ ची. त्याच खांबांची रांग, त्याच पायऱ्या. लोकलने जाऊन फुकट बघता येतं.

कोरीवकाम
दगडफूल, टाउन हॉल सुंदर आहे, पण त्याचे पन्हळीदार डोरिक खांब ग्रीक वळणाचे आहेत. पलाडियोचा धागा भारतात शोधायचा तर कोलकात्याचं राजभवन (आताचं लोकभवन) बघा. ते बांधलं इंग्लंडमधल्या केडलस्टन हॉलवरून, आणि केडलस्टनचा मूळ आराखडा पलाडियोच्या १५७० च्या ग्रंथातल्या विला मोचेनिगोवरून. मधली मुख्य इमारत आणि वळणदार सज्जांनी जोडलेल्या चार बाजू, हा विचार विचेंझाच्या मुलखातून गंगेकाठी पोचलाय. या विषयावर मी तासन् तास बोलू शकेन.

दगडफूल
मग वेगळा धागा काढाच. वाचायला आवडेल.

वास्तुवेडी
राजभवनाचा धागा नक्की काढा, पण माझी तिकिटं राहिलीत हो! कृपया विचेंझा.
आणि एक राहिलं, सासूबाई पण बरोबर आहेत. गुडघेदुखी आहे, सपाटीवर चालतात, जिने जमत नाहीत.

पाडोवाचा पाहुणा
ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती, ताई. रोटोंडाच्या प्रत्येक ओसरीला मोठा दगडी जिना आहे, आणि फाटकापासून चढण. तसंच मोंते बेरिकोच्या टेकडीवर पायऱ्यांनी जाऊ नका, त्या १९२ आहेत. टॅक्सीने थेट वर जाता येतं, आणि वरच्या कठड्यावरून पूर्ण शहर, बासिलिकेचं हिरवं तांब्याचं छप्पर दिसतं. सासूबाईंना तिथे बाकावर निवांत बसता येईल.
अजून एक, शुक्रवारी उतरणार किती वाजता? आणि सोमवारी निघणार कधी?

वास्तुवेडी
शुक्रवारी सकाळी व्हेनिस विमानतळावर. परतीचं विमान मंगळवारी पहाटे, म्हणजे सोमवार पूर्ण मिळतो. सोमवारीच विचेंझा शहर ठेवलं होतं, शनिवार-रविवारची गर्दी टळावी म्हणून.

मुक्ता म्युनिक
सोमवारी नको!! ओलिंपिको, किएरिकाती दोन्ही सोमवारी बंद असतात.

फिरस्ते काका
जेवणाचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. विचेंझाची खासियत बाक्काला, वाळवलेला मासा दुधात शिजवून पोलेंटाबरोबर (मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा). मासे खात असाल तर सोडू नका. बिगोली नावाची जाड शेवई मिळते, पण ती बहुतेकदा बदकाच्या रश्श्यात असते. शाकाहारी असाल तर आधी विचारा.

वास्तुवेडी
सासूबाई शाकाहारी. धन्यवाद काका, हे खरंच उपयोगी आहे.

पाडोवाचा पाहुणा
आता चित्र स्पष्ट झालं. मी असं करेन.
शुक्रवारी सामान टाकून दुपारी मेस्त्रेहून विचेंझाची रेल्वेगाडी पकडा. मिलानच्या मार्गावरच आहे, तासाच्या आत पोचाल. कागदी तिकीट काढलंत तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायला विसरू नका. या दिवशी एकही तिकीट असलेली जागा नको. प्रवासाने थकलेले असाल, फक्त बाहेरून बघायचं. स्टेशनातून सरळ पोर्ता कास्तेल्लो या जुन्या वेशीपाशी. चौकात शिरल्यावर दोनच खणांचा एक उंच, अर्धवट राहिलेला पलाझ्झो दिसेल, पलाझ्झो पोर्तो. महाकाय अर्धखांब आणि पुढे एकदम काहीच नाही. पूर्ण झाला असता तर केवढा झाला असता याचा अंदाज तिथेच येतो. पुढे कोर्सो पलाडियोने बासिलिकेच्या चौकात या. रस्ता सपाट आहे, सासूबाईंना जमेल. बासिलिकेसमोरच लोज्जा देल कापितानियातो आहे. त्याचे खांब विटांचे आहेत, जवळ जाऊन बघा. पलाडियो सगळीकडे दगड वापरायचा असा समज तिथे गळून पडतो.
शनिवारी सकाळी उघडल्या उघडल्या ओलिंपिको. पलाडियोने १५८० मध्ये सुरू केलं आणि त्याच वर्षी तो गेला, मग स्कामोझ्झी या वास्तुकाराने पूर्ण करून १५८५ मध्ये पहिलं नाटक झालं. रंगमंचामागचे लाकडी रस्ते स्कामोझ्झीचे. खूप लांबवर जातात असं वाटतं, पण जमीन चढत जाते आणि घरं लहान होत जातात. खरा माणूस मागे जाऊन उभा राहिला तर राक्षसासारखा दिसेल. बाकांवर वेगवेगळ्या जागी बसून बघा, जागा बदलली की रस्ते बदलतात. एक धोका: सप्टेंबरमध्ये तिथे नाटकांचा महोत्सव असतो, तालमींमुळे भेटीच्या वेळा कमी होऊ शकतात. तारीख बघूनच तिकीट काढा. समोरच किएरिकाती. दुपारी मैत्रीण आणि तुम्ही रोटोंडा, तिथून पायी विला वाल्मराना. दोन्ही अगदी जवळ आहेत. वाल्मरानात तिएपोलो या चित्रकार बापलेकांची १७५७ ची भित्तिचित्रं आहेत. तोवर सासूबाई मोंते बेरिकोला. रोटोंडाचा आत जायचा वार शनिवार नसेल तर शनिवार-रविवार अदलाबदल करा, बाकी तसंच.
रविवारी गाडी भाड्याने घेऊन मासेर आणि ब्रिओन. दोन्ही एकमेकांच्या शेजारीच म्हणावीत अशी आहेत, रेल्वेने मात्र फार द्राविडी प्राणायाम होतो.
सोमवारी व्हेनिस. मेस्त्रेचा मुक्काम इथे उपयोगी पडतो. सान जॉर्जो आणि रेदेन्तोरे दोन्हींना वापोरेत्तोने (व्हेनिसची बोट-बस), पाण्यावरून जा. या चर्चचे दर्शनी भाग पाण्यातून बघण्यासाठीच केलेत. आधी सान जॉर्जो, मग रेदेन्तोरे.
विला एमो, मालकोंतेंता आणि वेरोना काढून टाका.

कोरीवकाम
मासेरपेक्षा तो दिवसही विचेंझात घाला असं माझं मत. पण ब्रिओनसाठी जात असाल तर माझा आक्षेप मागे घेतो. स्कार्पाचं काँक्रीट आणि पाणी बघितल्याशिवाय व्हेनेतोहून परत येऊ नये. स्कार्पा स्वतःही तिथेच पुरलेला आहे.

मुक्ता म्युनिक
वेरोना काढायला नको. कास्तेलवेक्किओमध्ये स्कार्पाने वेरोनाचा जुना राज्यकर्ता कांग्रांदे याचा घोड्यावरचा पुतळा हवेत काँक्रीटच्या तुळईवर ठेवलाय. आर्किटेक्ट माणसाने ते बघायलाच हवं.

पाडोवाचा पाहुणा
मुक्ता, मान्य. पण कुठला दिवस काढणार? सासूबाई बरोबर आहेत आणि सप्टेंबरात अजून उकडतं. वेरोना एखाद्या वेगळ्या सहलीत, निवांत.

वास्तुवेडी
हेच हवं होतं! मनापासून आभार. विला एमो सोडताना जीव तुटतोय, पण सोडते. रविवारी गाडी मैत्रीण चालवेल, तिला पुण्यात चालवायची सवय आहे. गाडी मेस्त्रे स्टेशनजवळून रविवारी सकाळी घेतली तर चालेल ना?

सराफकट्टा
रविवारी शहरातल्या बऱ्याच शाखा बंद असतात. विमानतळावरून घ्या, तिथे उघडं असतं, आणि मेस्त्रेहून बस आहे. मैत्रिणीला आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायला आत्ताच सांगा. गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच लिहा, नाहीतर गिअरची देतात. आणि जुन्या गावांच्या वेशीवर लाल गोलाची पाटी दिसली की आत घालू नका, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र भाड्याच्या कंपनीमार्फत ठाण्याला येतं.

वास्तुवेडी
मी ठाण्याची हे कसं ओळखलंत?

सराफकट्टा
तुमच्या प्रोफाइलवर लिहिलंय ताई. यजमानांना सांगा, प्रदर्शनाचे बिल्ले आधी ऑनलाइन काढून ठेवा, दारात रांग मोठी असते.