अ‍ॅक्रिलिक इंक एअरब्रशने मारताना फिनिश दाणेदार येतंय, काय करू?

कुंचला२२:
मंडळी, मदत हवीये. २८ मिमीच्या मिनिएचर्सवर (छोट्या मूर्तींवर) नेहमीचे अ‍ॅक्रिलिक रंग एअरब्रशने मारतो, त्यात हात बऱ्यापैकी बसलाय. आता अ‍ॅक्रिलिक इंक घेतल्यात, कारण काळा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), त्यावर वरच्या बाजूने पांढऱ्या इंकचा झेनिथल (वरून उजेड पडल्यासारखा दिसणारा थर) आणि मग रंगीत इंकचे पारदर्शक थर असं करायचंय. नोझल ०.३ मिमी, प्रेशर २५ पीएसआयच्या आसपास. पांढरी इंक झग्याच्या घड्यांवर दाणेदार बसते, बोट फिरवलं की खरखर लागते, आणि त्यावर लाल मारली की जागेवर न थांबता कोळ्याच्या पायांसारखी चहूकडे पळते. पाणी घालून पातळ केली तर अजूनच बिघडतं. नक्की कुठे चुकतंय?

पारदर्शक_थर:
हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांचं औषध एकमेकांच्या उलट आहे, म्हणून एक सुधारायला जाता तर दुसरं बिघडतं. खरखर म्हणजे थेंब मॉडेलवर पोचायच्या आधी हवेतच सुकतायत: प्रेशर जास्त, अंतर जास्त. इंक पळते म्हणजे एका जागी ओली इंक जास्त पडतेय आणि वरून हवा तिला ढकलतेय. इंक बाटलीतूनच पातळ येते, डेलर-रॉनी एफडब्ल्यू किंवा लिक्विटेक्सची असेल तर थेट कपात घातली तरी चालते. तुम्ही त्यात पाणी घातलं की बाइंडर (रंगकण धरून ठेवणारा चिकट घटक) विरळ होतो आणि तिला धरून ठेवणारं काही उरत नाही. पातळ करायचीच असेल तर एअरब्रश मीडियम (बाइंडर असलेलं पातळ करायचं द्रव) घाला, सोबत एक-दोन थेंब फ्लो इम्प्रूव्हर (इंक नीट वाहावी म्हणून घालायचं द्रव).

प्रेशर १५ ते १८ वर आणा, मॉडेलपासून ५-६ सेंमीवर या आणि ट्रिगर जेमतेम मागे ओढा. पहिल्या फेरीनंतर काही पडलंय असं वाटताच कामा नये, एवढं कमी. मग ट्रिगर फक्त खाली दाबून नुसती हवा मारा, चमक गेली की पुढची फेरी. एका हाताने झग्याची कड तिरक्या उजेडात धरून बघत राहा, ओली चमक दिसत असताना त्याच जागी परत गेलात की पाय फुटलेच समजा. आणि दर वेळी मॉडेलवर जायच्या आधी बाजूच्या काळ्या कार्डावर एक रेघ मारून बघा.

शाईचा_डाग:
वरचं सगळं पटतं, फक्त पांढऱ्याची गोष्ट जरा निराळी आहे. त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं, तळाशी बसतं, वरवर हलवून ते वर येत नाही. बाटलीत स्टीलची मिक्सिंग बॉल टाका आणि तळाला चिकटलेला थर सुटेपर्यंत हलवा. नाहीतर ड्रॉपरमध्ये नुसतं वरचं पाणचट द्रव येतं, ते झाकत नाही म्हणून आपण जास्त मारतो आणि तिथेच घोळ होतो. सुईच्या टोकावर पण पांढरा सगळ्यात लवकर सुकतो, मग मध्येच थुंकल्यासारखे मोठे ठिपके उडतात. फ्लो इम्प्रूव्हरमध्ये बुडवलेला जुना ब्रश हाताशी ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने टोक पुसा.

प्रेशर मात्र १२ च्या खाली नेऊ नका. इंक नीट फुटत नाही आणि परत ठिपकेच येतात, फरक एवढाच की हे ओले असतात, बोटाला खरखर लागत नाही.

अजून एक, लाल घेताना लेबल बघा. बऱ्याच बाटल्यांवर छोटा चौकोन असतो, रिकामा म्हणजे पारदर्शक, भरलेला म्हणजे अपारदर्शक. अपारदर्शक लाल घेतलीत तर खालचा झेनिथल सगळा झाकला जाईल आणि एवढी मेहनत कशासाठी केली असं होईल.

रेझिनवाला:
खालच्या पृष्ठभागाकडे कोणीच बघत नाहीये. प्रायमर मॅट आहे ना? चकचकीत प्रायमरवर इंक टिकत नाही, घसरते. आणि इंक स्वतःच सुकल्यावर चमकते, त्यामुळे दोन-तीन थरांनंतर वरची इंक धरायला काही राहत नाही आणि आधी नीट चाललेलं अचानक बिघडल्यासारखं वाटतं. मी मध्ये मॅट व्हार्निशचा पातळ हात मारतो, मग पुढचा थर शांतपणे बसतो. रेझिनचं मॉडेल असेल तर प्रायमरआधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, मोल्डमधलं तेलकट राहिलेलं असतं. आणि मॉडेल हँडलवर लावून धरा, बोटांचा तेलकटपणा नेमका हनुवटी आणि खांद्यावर लागतो, तिथेच इंक फाटते.

मास्क घालताय ना? पाण्यावरची इंक असली तरी ती बारीक धूळ फुप्फुसात जायला नको, खिडकीही उघडी ठेवा.

कुंचला२२:
खूप खूप आभार सगळ्यांचे. १६ पीएसआयवर कार्डावर करून बघितलं, पांढरा एकदम मऊ उतरला! लाल मॅट व्हार्निशनंतरच मारेन. एकच शंका, दोन थरांमध्ये हेअर ड्रायर चालेल का?

पारदर्शक_थर:
चालेल, पण थंड हवेवर आणि लांबून. गरम हवेने भाले, तलवारी अशा बारीक गोष्टी वाकतात, रेझिनच्या तर फारच पटकन.