तिसरा आउट झाला, मंग रन कसा?

*ग्रुप : शाळा बेसबॉल – पालक*

भाऊकाका : सर, काल्पासून डोकं फिरून रायलं. शेवटच्या इनिंगले तिसरा आउट झाला, समद्यायनं पाह्यला. तरी त्यायचा रन धरला. एका रननं गेली ना जी मॅच. अंपायर त्यायच्याच गावचा होता का?

कॅचरची आई : अन् त्याच्या आधीचं काय? सेकंड बेसवरचा त्यायचा पोट्टा झेल होयाच्या आधीच पयाला. मांडवातले लहान लेकरंबी ओरडले. अंपायर मात्र ढिम्म.

भाऊकाका : हाव ना. दिसते तरी बोलत नाई. काहून?

क्रीडा सर : नमस्कार. दोन्ही वेळेस अंपायर बरोबर होते. आधी ताईंचं घेतो.

फ्लाय, म्हणजे उंच मारलेला चेंडू, झेलला गेला की रनरला (बेसवर उभ्या बॅटिंगवाल्या पोराला) आपल्या बेसला पाय लावूनच पुढं जाता येतं, यालाच टॅग-अप म्हणतात. चेंडू ग्लोव्हला पहिल्यांदा लागला की सुटायची मुभा. झेल पक्का व्हायची वाट पाहावी लागत नाही. तो पोरगा त्याच्याही आधी सुटला, हे खरं. पण लवकर सुटणं अंपायर स्वतःहून सांगत नाहीत. फिल्डिंग करणाऱ्यांनी अपील करावी लागते. चेंडू घेऊन सेकंडला पाय लावायचा, नाहीतर त्या रनरलाच चेंडू लावायचा, आणि अंपायरला स्पष्ट सांगायचं, "हा लवकर सुटला."

भाऊकाका : दिसलं तं सांगाले काय होते त्यायले?

क्रीडा सर : काका, क्रिकेटात कड लागून कीपरने झेल घेतला आणि कोणीच विचारलं नाही, तर अंपायर बोट वर करतो का? तिथं बोलर पुढच्या चेंडूला धावायला लागायच्या आधी विचारावं लागतं. इथं पिचरने बॅटरला पुढचा चेंडू (पिच) टाकायच्या आधी. आपली पोरं एकमेकांकडे पाहत राहिली, पिचरने पिच टाकला, हक्क गेला.

शॉर्टस्टॉपचे बाबा : पन सर, माह्या पोरीच्या सॉफ्टबॉलमधी अंपायर सोताच आउट देते. मांगच्या मॅचले देला.

क्रीडा सर : ते वेगळं. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून चेंडू सुटायच्या आधी रनरने बेस सोडला तर अंपायर स्वतःच आउट देतात. झेलावर लवकर सुटला तर तिथंही अपीलच. आपल्याकडे पोरं सकाळी एक खेळतात, संध्याकाळी दुसरं, म्हणून घोटाळा होतो.

भाऊकाका : ठीक हाय. आता त्या रनचं सांगा. तिसरा आउट म्हणजे इनिंग खतम. मंग रन कोठून आला?

क्रीडा सर : फर्स्ट, सेकंड, थर्ड असे बेस फिरून होमला, म्हणजे बॅटरजवळच्या प्लेटला, पाय लागला की रन. बंड्याने टाकलेला व्हिडिओ थांबवून थांबवून पाहा. एक आउट, त्यांचे रनर थर्डवर आणि फर्स्टवर. सेंटरला उंच फ्लाय, आपल्याने झेलला, दोन आउट. थर्डवाला बेसला चिकटून होता. झेल होताच सुटला, होमला गेला. फर्स्टवाला मात्र अर्ध्या वाटेवर होता. आपण चेंडू फर्स्टला टाकला, तो आउट. तीन.

आता होमचा पाय पाहा. चिखलाचा बूट प्लेटवर पडतो तेव्हा आपला चेंडू पिचरच्या डोक्यावरून हवेतच आहे. म्हणजे रन आधी, तिसरा आउट नंतर. रन धरला जातो.

कॅचरची आई : पन फर्स्टले पाय लावून आउट केला ना! मंग तं फोर्स आउट झाला.

क्रीडा सर : दिसतो तसाच, पण फोर्स नाही. मागून बॅटर येत असला की पुढच्याला बेस सोडावाच लागतो, तेव्हा फोर्स. इथं बॅटर झेलावर आधीच आउट. फर्स्टवाल्याला कोणी ढकलत नव्हतं, त्याला उलट परत यायचं होतं. तिसरा आउट फोर्स असता तर रन रद्द. हा नव्हता, म्हणून कोण आधी एवढंच पाहतात.

भाऊकाका : म्हनजे आपन चेंडू होमले टाकाले पाह्यजे होता?

क्रीडा सर : मी असतो तर होमलाच टाकला असता. फर्स्टवाला दूर होता, त्याची अपील नंतरही करता आली असती.

इंजिनियर दादा (पुणे) : यात मोठे मोठेही फसले आहेत बरं. 12 एप्रिल 2009, अमेरिकेतल्या मोठ्या लीगची मॅच, डायमंडबॅक्स विरुद्ध डॉजर्स. डॉजर्सची बॅटिंग. एक आउट, रनर सेकंड-थर्डवर. पिचरनेच लाइन ड्राइव्ह, म्हणजे सरळ जोरात मारलेला चेंडू, झेलला. दोन्ही रनर पळत सुटलेले. चेंडू सेकंडकडे गेला, तिथल्या रनरला चेंडू लावला (टॅग), तीन आउट. डायमंडबॅक्स मैदानाबाहेर. पण थर्डवाला त्या टॅगच्या आधीच होम ओलांडून गेला होता. रन धरला!

भाऊकाका : अबे, तो तं थर्डले पाय लावाले वापस गेलाच नाई!

इंजिनियर दादा (पुणे) : नाहीच गेला. पण कोणी अपीलच केली नाही. चेंडू थर्डला नेला असता तर तो चौथा आउट तिसऱ्याच्या जागी धरून रन पुसला गेला असता. पिचर आणि सगळे इनफिल्डर (बेसजवळचे फिल्डर) मैदान सोडेपर्यंतच ती संधी असते.

भाऊकाका : चौथा आउट! बापा बापा.

क्रीडा सर : म्हणून तीन झाले की नाचत बाहेर पळायचं नाही, आधी अंपायरकडे पाहायचं. आणि अंपायरने "टाइम" म्हणून खेळ थांबवला असेल तर अपीलसाठी चेंडू पिचरकडे द्यायचा, अंपायर "प्ले" म्हणतील, पिचरने पिचिंगच्या पट्टीवरून पाय मागे काढायचा, मग चेंडू बेसला टाकायचा. फेक बाहेर गेली तर पुन्हा अपील नाही. उद्या साडेचारला फक्त हेच घेणार. चुना कोणी तरी आणा, रेघा पावसाने गेल्या.

शॉर्टस्टॉपचे बाबा : चुना मी आनतो. पन अपील बोलन कोन? आपला सेकंड बेसवाला तं पाव्हन्याच्या घरी पानी मागाले लाजते.

क्रीडा सर : कॅचर बोलेल. सगळं मैदान त्याच्यासमोर असतं.

कॅचरची आई : त्याची चिंता नोका करू जी. जेवतानाबी तोंड बंद नसते त्याचं.