पोटरीची जाडी नव्हे, उजळपणा बघा

पोटरीची जाडी वाढली म्हणजे स्नायू टिकून आहे, हा समज ड्युशेन (स्नायू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांबाबत फसवा आहे. तिथे पोटरी फुगते ती बऱ्याच अंशी चरबी आणि तंतुमय ऊती साचल्यामुळे, म्हणून सोनोग्राफीत स्नायू किती पांढरा दिसतो ते आधी बघायचं. १९८२ची हेकमॅट श्रेणी, म्हणजे या उजळपणाच्या चार पायऱ्या, त्यावरच आहे: १ म्हणजे नॉर्मल, २ मध्ये स्नायू उजळ पण त्याखालच्या हाडाची रेघ ठळक, ३ मध्ये रेघ पुसट, ४ मध्ये रेघ गायब.

दोन तपासण्यांची तुलना करायची असेल तर मशीन आणि त्यावरची सेटिंग्ज, म्हणजे गेन (चित्राचा उजळपणा), डेप्थ (खोली), फोकस, सगळं तेच हवं. नाहीतर आकडे निरर्थक. प्रोब (त्वचेवर टेकवायचं सोनोग्राफीचं उपकरण) काटकोनातच धरा, जरा कलला की तोच स्नायू काळपट दिसतो आणि आजार सौम्य भासतो. जेल भरपूर, दाब नको. दाबल्यावर जाडी घटते. मांडीसाठी कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि गुडघ्याच्या वाटीची वरची कड यांचा मध्य टेपने मोजून खूण करा. दर वेळी प्रोब उचलून पुन्हा ठेवा आणि किमान ३ चित्रांची सरासरी घ्या. एकाच चित्रावर पालकांना काही सांगू नका, कृपया.