एसडीएल२ लिंक होत नाही, विंडो उघडत नाही – मदत हवी आहे (तातडीची)

अर्धविराम
नमस्कार मंडळी. सी++ मध्ये छोटासा गेम करायचाय, म्हणून एसडीएल२ (विंडो आणि चित्रं दाखवणारी लायब्ररी) उतरवून घेतलं. व्हिडिओत दाखवलंय तस्संच केलं. इन्क्लुड, लिब, सगळे फोल्डर जागच्या जागी. तरी कंपाइल केलं की एरर. एकाने सांगितलं लायब्ररी परत उतरव, उतरवली. दुसऱ्याने सांगितलं कंपायलर नवीन टाक, तोही टाकला. एरर तोच. कोडचा प्रश्न नाही, कोड जशाच्या तसा घेतलाय. प्रोजेक्ट दाखवायची तारीख तोंडावर आलीये आणि इथे साधी काळी विंडो उघडत नाही. 'गूगल करून बघा' कृपया नको, तिथूनच आलोय.

जुनी_खोड
एरर येतो म्हणजे नेमका काय येतो? शब्दशः लिहा. ऑपरेटिंग सिस्टिम कुठली, कंपायलर कुठला, कंपाइल करताना काय आज्ञा देता, एसडीएलचं कुठलं पॅकेज घेतलंत? आम्ही कुडमुडे जोशी नाही हो.

पेंग्विनप्रेमी
लिनक्सवर, म्हणजे उबुंटू-डेबियनवर, एका ओळीचं काम आहे. ॲप्टने 'लिबएसडीएल२-डेव्ह' टाकायचं. कंपाइल करताना 'एसडीएल२-कॉन्फिग'कडे सीफ्लॅग्ज आणि लिब्ज मागायचे, तो सगळे रस्ते स्वतः भरून देतो. फोल्डर कुठे ठेवू, डीएलएल (प्रोग्रॅम चालताना लागणारी लायब्ररीची फाइल) कुठे ठेवू, ही भानगडच नाही.

अर्धविराम
विंडोजच आहे, अजून काय असणार. व्हीएस कोड वापरतो, कंपायलर पण त्याचाच. एरर: 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन', आणि खाली 'कलेक्ट२: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस'. कोडमध्ये विनमेन हा शब्द कुठेच नाही!! शोधून पाहिलं.

कळफलक_बडव्या
व्हीएस कोडला स्वतःचा कंपायलर नसतो, तो नुसता एडिटर. (व्हिज्युअल स्टुडिओ वेगळा, त्याच्यासोबत मायक्रोसॉफ्टचा कंपायलर येतो.) 'एलडी' (कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडणारा लिंकर) दिसतोय म्हणजे तुझ्याकडे मिनजीडब्ल्यू (जीसीसी कंपायलरचा विंडोजवरचा अवतार) आहे. एसडीएल२ची विंडोजसाठी दोन डेव्हलपमेंट पॅकेजेस असतात. एकाच्या नावात 'व्हीसी', दुसऱ्याच्या नावात 'मिनजीडब्ल्यू'. पहिल्यात डॉट लिब फायली, दुसऱ्यात डॉट ए. तू कुठलं घेतलंस?

नवी_वाट
सुरुवात करताय तर एसडीएल कशाला? रेलिब ही दुसरी गेम लायब्ररी घ्या. विंडोजसाठी कंपायलरसकट इन्स्टॉलर मिळतो, टाकला की उदाहरणं थेट चालतात. विनमेन वगैरे काही नाही. मी स्वतः एसडीएल सोडून तिकडे गेलो आणि मागे वळून पाहिलं नाही.

सरळमार्गी
त्याहून सोपं सांगतो. पायथॉन टाका, 'पिप इन्स्टॉल पायगेम' म्हणा, झालं. लिंकरच नाही तर लिंकर एरर कुठून येणार?

जुनी_खोड
@सरळमार्गी, पायगेमच्या पोटात एसडीएलच आहे. आणि त्यांनी पहिल्याच ओळीत सी++ लिहिलंय.

अर्धविराम
सी++ सक्तीचं आहे. रेलिब चालणार नाही, प्रस्तावात एसडीएल लिहून दिलंय. मिनजीडब्ल्यूवालंच पॅकेज आहे, त्यात डॉट ए फायली दिसतात. आता पुढे?

जुनी_खोड
विनमेन काय आहे ते आधी सांगतो, कारण हा एरर तुम्हाला पुन्हा भेटणार. विंडोजमध्ये विंडोवाल्या प्रोग्रॅमची सुरुवात मेनपासून होत नाही, विनमेनपासून होते. एसडीएल२ हे तुमच्यापासून झाकून ठेवतं. त्याची हेडर फाइल तुमच्या मेनचं नाव गुपचूप 'एसडीएल_मेन' करून टाकते. खरा विनमेन 'एसडीएल२मेन' नावाच्या एका चिमुकल्या लायब्ररीत असतो आणि तो तुमच्या एसडीएल_मेनला हाक मारतो. ती लायब्ररी लिंक झाली नाही, किंवा भलत्या क्रमाने झाली, की विनमेन सापडत नाही. तुमच्या कोडमध्ये तो शब्द दिसणारच नाही.

क्रम असा. (इथे कोड चिकटवला की डॅश आणि अवतरणचिन्हं बदलतात, म्हणून बोलल्यासारखं लिहितो.) आधी तुमची डॉट सीपीपी फाइल. मग डॅश एल मिनजीडब्ल्यू३२, मग डॅश एल एसडीएल२मेन, शेवटी डॅश एल एसडीएल२. जीएनयूचा लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि त्या घडीला जे हवंय तेवढंच लायब्ररीतून उचलतो. लायब्ररी आधी आणि फाइल नंतर लिहिलीत तर तो लायब्ररीपाशी काही न उचलता पुढे निघून जातो. कंपायलर ६४ बिट असला तरी ते नाव मिनजीडब्ल्यू३२ असंच राहतं, त्याने गोंधळू नका.

आणि मेनचे कंस रिकामे ठेवू नका. इंट आर्गसी, आणि चार (सी-एच-ए-आर) स्टार आर्गव्ही व त्यापुढे रिकामे चौकोनी कंस, दोन्ही लिहा. सी++ मध्ये रिकामे ठेवलेत तर ते वेगळंच फंक्शन ठरतं आणि एरर विनमेनऐवजी एसडीएल_मेनचा येतो.

मधलीसुट्टी
एवढं पुराण कशाला. एसडीएलच्या इन्क्लुडच्या आधी 'एसडीएल_मेन_हँडल्ड' डिफाइन करा, एसडीएल२मेन काढून टाका, मेन रिकामा ठेवा. मी नेहमी असंच करतो.

जुनी_खोड
तसं केलंत तर एसडीएल_इनिटच्या (एसडीएल सुरू करणाऱ्या फंक्शनच्या) आधी 'एसडीएल_सेटमेनरेडी'ला हाक मारायची असते, नाहीतर तो इनिटच रुसून बसू शकतो. ते सांगितलं नाहीत. नवशिक्याला अर्धी युक्ती दिली की तो इथेच नवा धागा काढतो.

मधलीसुट्टी
बरं, तेही लिहा. दोन ओळींचं काम आहे, तुमच्या प्रतिसादाइतकं लांब नाही. हलके घ्या.

अवांतरकर
लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का? रॅम किती? गेम करायचा म्हणजे किमान ८ जीबी हवी, १६ असेल तर उत्तम. एसएसडी नसेल तर आधी तो टाका, फरक जाणवेल.

कळफलक_बडव्या
@अवांतरकर, लिंकरला नाव सापडत नाहीये हो. त्यात रॅम काय करणार?

अर्धविराम
क्रम लावला. आता एरर बदलला!! 'स्किपिंग इनकंपॅटिबल' असं बरंच काही, आणि शेवटी 'कॅनॉट फाइंड डॅश एल एसडीएल२मेन'. फाइल त्या फोल्डरमध्ये आहे, मला डोळ्यांनी दिसतेय. मग सापडत नाही म्हणजे काय??

जुनी_खोड
सापडली आहे, पण जमत नाही म्हणून सोडून दिली. 'स्किपिंग' म्हणजे तेच. बहुतेक ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ आहे. पॅकेजमध्ये दोन फोल्डर असतात, एक आय६८६ने सुरू होणारा (३२ बिट), दुसरा एक्स८६-६४ने (६४ बिट). कुठल्यातलं घेतलंत?

अर्धविराम
एक्स८६-६४. लॅपटॉप ६४ बिटच आहे, मग बरोबरच ना.

कळफलक_बडव्या
लॅपटॉपला कोण विचारतंय, कंपायलर किती बिटचा आहे ते बघ. टर्मिनलमध्ये जीसीसी, स्पेस, डॅश डंपमशीन. काय येतं?

अर्धविराम
नुसतं 'मिनजीडब्ल्यू३२' येतं.

कळफलक_बडव्या
मग हा जुना ३२ बिट कंपायलर. नवा ६४ बिट असता तर 'एक्स८६-६४-डब्ल्यू६४-मिनजीडब्ल्यू३२' असं लांबलचक आलं असतं. पण तू तर लिहिलंस की कंपायलर नवीन टाकला. मशीनवर दोन कंपायलर आहेत का? 'व्हेअर जीसीसी' करून बघ.

अर्धविराम
काहीच येत नाही. रिकामी ओळ.

जुनी_खोड
पॉवरशेल उघडं असणार. तिथे 'व्हेअर' म्हणजे दुसरीच आज्ञा असते. 'व्हेअर डॉट ईएक्सई जीसीसी' लिहा.

अर्धविराम
दोन ओळी आल्या. पहिल्या ओळीत मागच्या वर्षी प्रॅक्टिकलसाठी टाकलेल्या आयडीईचा (कोड लिहायच्या-चालवायच्या सॉफ्टवेअरचा) फोल्डर आहे. दुसरी परवा टाकलेल्या नव्याची. हे व्हिडिओत कुठेही सांगितलेलं नाही.

कळफलक_बडव्या
व्हिडिओवाल्याच्या मशीनवर एकच कंपायलर असणार. पाथमध्ये (विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्रॅम शोधतं त्या यादीत) जो आधी, तो चालतो. एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल्समध्ये जाऊन नव्याचा बिन फोल्डर वर सरकव. मग व्हीएस कोड पूर्ण बंद करून उघड. नुसतं नवीन टर्मिनल उघडून भागत नाही, त्याला जुनाच पाथ दिसत राहतो. आणि व्हीएस कोडच्या टास्क्स डॉट जेसन फाइलमध्ये कंपायलरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तोही बघ. नाहीतर पाथ बरोबर आणि रन बटण जुन्यालाच बोलावतंय, असं होईल.

सावलीतला_कंपायलर
किंवा पाथला हातच लावू नका, आय६८६ फोल्डरमधलं घ्या. ३२ बिट कंपायलर, ३२ बिट लायब्ररी. जमून जाईल.

जुनी_खोड
आज जमेल. पण ते जुनं मिनजीडब्ल्यू कधीचं आहे कुणास ठाऊक, सी++१७ लिहायला गेले की रडतील. एसडीएलची पॅकेजेस मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ने बांधलेली असतात, तोच कंपायलर घ्यावा.

सावलीतला_कंपायलर
तारीख तोंडावर आहे म्हणाले ते. तुम्ही पाया खणायला लावताय.

नवी_वाट
एवढ्यात रेलिबवर विंडो उघडून चेंडूसुद्धा उडायला लागला असता. असो.

जुनी_खोड
@नवी_वाट, रेलिब चांगलीच आहे, कोण नाही म्हणतंय. पण एसडीएल १९९८ पासून चालत आलंय. सॅम लँटिंगाने सुरू केलं, २०१३ मध्ये २.० आलं, २०२५ च्या जानेवारीत तिसऱ्या पिढीची पहिली स्थिर आवृत्ती आली. आम्ही १.२ वर होतो तेव्हा 'सेटव्हिडिओमोड' म्हटलं की एकच विंडो मिळायची, दुसरी मागायची सोयच नव्हती. आणि तेव्हा लायसन एलजीपीएल होतं, आता झेडलिब आहे, त्यामुळे...

नवी_वाट
वय आणि घराणं बघून लायब्ररी निवडायची? स्थळ बघताय का?

मधलीसुट्टी
रच्याकने (बाय द वे), तिसरी पिढी आलीच आहे तर एसडीएल३ का नाही घेत? त्यात एसडीएल२मेनची कटकट गेली. 'एसडीएल_मेन' हेडर एकदा इन्क्लुड केलं की झालं, वेगळी लायब्ररी लिंक करावी लागत नाही.

कळफलक_बडव्या
कारण त्याच्याकडचा कोड एसडीएल२चा आहे. एसडीएल३मध्ये 'क्रिएटविंडो' एक्स-वाय घेत नाही, 'रेंडरकॉपी'चं नाव 'रेंडरटेक्स्चर' झालंय. वर 'इनिट' आता यश मिळालं की ट्रू देतो, एसडीएल२मध्ये शून्य द्यायचा. जुना कोड 'शून्य नसेल तर एरर छापून बाहेर पड' असं तपासत असेल तर सगळं सुरळीत असताना प्रोग्रॅम बंद पडणार. एसडीएल३ शिकायचं तर त्याचेच धडे घेऊन शिकावं.

अर्धविराम
तुमचं भांडण चालू दे. पाथ बदलला, डंपमशीन आता लांबलचक नाव देतो. कंपाइल झालं!! एकही एरर नाही. पण ईएक्सई चालवली की काहीच होत नाही. विंडो नाही, एरर नाही, प्रॉम्प्ट परत येतो.

जुनी_खोड
'एसडीएल२ डॉट डीएलएल' ईएक्सईच्या शेजारी ठेवलीत का? टर्मिनलमधून चालवलं की डीएलएल नसल्याचं कधी कधी कळतही नाही, प्रोग्रॅम मुकाट संपतो. फोल्डरमध्ये जाऊन ईएक्सईवर डबलक्लिक करा, विंडोज स्वतः सांगेल काय हरवलंय.

सरळमार्गी
डीएलएल सिस्टिम३२मध्ये टाका, मग कुठूनही चालेल.

कळफलक_बडव्या
अजिबात टाकू नका. उद्या दुसरा प्रोग्रॅम दुसरी आवृत्ती शोधत आला की कुठली डीएलएल कोण उचलतंय तेच कळणार नाही. शिवाय ६४ बिट विंडोजवर सिस्टिम३२मध्ये ६४ बिटच्या डीएलएल राहतात आणि ३२ बिटच्या सिसवॉव६४मध्ये. नावं उलटी आहेत, तिथे भलेभले फसतात. ईएक्सईशेजारी ठेव, आणि एक्स८६-६४च्याच बिन फोल्डरमधली घे. चुकून ३२ बिटची आली तर शून्य एक्स सी०००००७बी असा एरर येईल, घाबरू नकोस, डीएलएल बदल.

अर्धविराम
डबलक्लिक केल्यावर खरंच डीएलएल नाही असं आलं. शेजारी ठेवली. विंडो आली!!! पण अर्ध्या सेकंदात गायब.

सरळमार्गी
शेवटी 'एसडीएल_डिले' टाका, ५००० द्या. पाच सेकंद थांबेल.

जुनी_खोड
थांबेल, पण त्या पाच सेकंदांत 'नॉट रिस्पाँडिंग' दिसेल आणि फुलीवर क्लिक करून बंदही होणार नाही. विंडोला येणारे निरोप कुणीतरी वाचावे लागतात. व्हाइल लूप घ्या, आत 'एसडीएल_पोलइव्हेंट'चा दुसरा लूप, त्यात 'एसडीएल_क्विट' हा इव्हेंट आला की बाहेरचा लूप थांबवा. चित्र काढणं, हालचाल, सगळं पुढे ह्याच लूपमध्ये येणार आहे, तेव्हा आत्ताच लिहून टाका.

मूषकवाहन
धागा चांगला चाललाय म्हणून इथेच विचारतो. माझ्याकडे एसडीएल मिक्सरमध्ये एमपी३ वाजत नाही, वेव्ह वाजते. काय करू?

कळफलक_बडव्या
@मूषकवाहन, वेगळा धागा काढा, तिथे बघू. 'मिक्स_ओपनऑडिओ'नंतर आणि फाइल लोड केल्यावर, दोन्हीकडे 'एसडीएल_गेटएरर' काय म्हणतो ते छापून आणा.

अर्धविराम
लूप टाकला, विंडो थांबते, फुलीवर बंदही होते. सगळ्यांचे आभार. आता पीएनजी चित्र दाखवायचंय. 'लोडबीएमपी' दिसतंय, 'लोडपीएनजी' सापडत नाही. कुठल्या हेडरमध्ये असतं?

जुनी_खोड
एसडीएल२ला एकट्याला बीएमपीच वाचता येतं. पीएनजीसाठी 'एसडीएल२_इमेज' हे वेगळं पॅकेज, तेही मिनजीडब्ल्यूवालं, एक्स८६-६४मधलंच. डॅश एल एसडीएल२_इमेज लिहा, त्याची डीएलएल शेजारी ठेवा. फंक्शनचं नाव 'आयएमजी_लोड'. त्याने नल दिला (म्हणजे चित्र लोड झालं नाही) तर आधी प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरमधून चालतोय ते बघा. व्हीएस कोडमधून चालवलं तर तो बहुधा प्रोजेक्टचा मूळ फोल्डर असतो आणि चित्र ईएक्सईशेजारी पडलेलं असतं.

नवी_वाट
रेलिबमध्ये पीएनजी आतच असतं. जाता जाता सांगितलं.